माकवहिनीची सवत

माझ्या नवऱ्यानं खजिना कुठं पुरला हे विचारायला अजूनही माणसं येतात. येताना कोणी सुकी मासळी आणतं, कोणी चहाची पुडी. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग आवाज खाली येतो, "वहिनी, त्या बेटामागच्या गुहेचं म्हणतात ते खरं का हो?" मी आधी चहा संपवते. मग सांगते की खरं आहे, पण गुहेत भरतीचं पाणी शिरतं, आत भुतं आहेत आणि जाताना जिवंत कोंबडा न्यावा लागतो. एक जण खरोखरच कोंबडा घेऊन गेला होता. परत आला तेव्हा दोघंही चिंब भिजलेले होते.

खजिना कसला डोंबलाचा! माक सोई-शिंगनं मागे ठेवली ती पितळी गुंडीची सरकारी टोपी, ही जुनी होडी आणि मी.

पण ताय-ओच्या बंदरात त्याचं नाव अजून चालतं. पोरं वाळूत लढाई खेळतात तेव्हा एकाला माक व्हावं लागतं, आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. म्हातारे सांगतात की तो तलवार दातात धरून पोहायचा. त्याला पुढचे दोन दातच नव्हते. एका सरकारी गलबतावरची झुंबड त्यानं एकट्यानं कापून काढली म्हणे. त्या दिवशी त्याला हगवण लागली होती आणि तो सबंध वेळ होडीच्या मागच्या टोकाला बसून होता. मी कोणाला खोटं पाडत नाही. मेलेल्या माणसाला एवढी तरी चैन असावी.

तो होडीवर जन्मला, बाप वादळात गेला, जाळ्याला मासे लागेनात म्हणून लाल झेंड्याखाली दरोडे घालायला गेला. त्या काळी निम्मा समुद्र लाल झेंड्याचा होता. मी मात्र होडीवरची नव्हे. नदीच्या आत, शा-हांग गावच्या लेउंगांच्या घरातली मी. माझं नाव चाउ-कुक. हे नाव आता कोणाला माहीत नाही. बंदरात मी माकवहिनी.

लाल झेंडेवाल्यांनी आमचं गाव लुटलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बायका होडीत घातल्या. ज्यांच्या घरचे सोडवायला आले त्या परत गेल्या. माझ्याकडचं कोणी आलं नाही. मी महिनाभर होडीच्या टोकाला बसून वाट पाहिली आणि मग पाहायची सोडली. लाल झेंड्याचा कायदा कडक होता, बाई ठेवायची तर बायको म्हणूनच, नाहीतर मुंडकं जायचं. माकनं म्होरक्यापुढे माझ्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी माझ्या भातावर डुकराच्या चरबीचा एक मोठा तुकडा ठेवला. झालं लग्न. चहा नाही, लाल कपडा नाही, रडणं नाही. त्या दिवसांत माझ्या आत काहीतरी बधिर झालं ते तसंच राहिलं. पायाला मुंग्या येतात तेव्हा पाय आपला वाटत नाही ना, तसं मला माझंच काही आपलं वाटत नसे. दुखतही नसे, हे खरं सांगायचं तर बरंच होतं.

दुसऱ्या वर्षी सरकारनं माफी दिली. शरण येईल त्याला भात, डुकराचं मांस, दारू, आणि चांगला लढवय्या असेल तर सरकारी टोपी. माकला टोपी मिळाली. पण फुकट कोण देतो? जे शरण आले नव्हते त्यांना पकडून आणायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. ज्या लायबरोबर त्यानं कोंबड्याचं रक्त पिऊन भाऊपणाची शपथ घेतली होती, त्या लायला त्यानंच पकडून दिलं. लायचं मुंडकं धक्क्यावर टांगलेलं होतं तेव्हा माक होडीत बसून भात खात होता. "खारट झालाय," म्हणाला. मी मीठ घातलंच नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला नाही.

आम्हाला एक मुलगा झाला, आ-फुक. सहा वर्षांचा होऊन देवीच्या आजारात गेला. पुढे माकही गेला, तापानं, एका लांबच्या ठाण्यावर. मी सरकारी घर सोडलं आणि होडीवर परत आले.

जमिनीवरच्या लोकांत पूर्वजांच्या नावाच्या पाट्या असतात. आम्ही होडीवाले, आम्हाला अक्षर येत नाही, म्हणून आम्ही मेलेल्याची मूर्ती करतो, वीतभर लाकडाची, रंगवलेली. फळीवर माक खुर्चीत बसलेला आहे, डोक्यावर टोपी. शेजारी आ-फुक घोड्यावर. मेलेली पोरं घोड्यावर बसतात. आणि ती वाढतात, हे जमिनीवरच्यांना सांगितलं की हसतात, पण वाढतात. गेल्या वर्षी अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून आ-फुक बोलला, चांगला मोठ्या पुरुषाच्या आवाजात, "आई, मी वीस वर्षांचा झालो. अजून घोड्यावर किती दिवस बसू? मला बायको बघ." बायको आली की तो खुर्चीत बसणार, त्याच्या नावानं माकच्या पुतण्याचा धाकटा मुलगा दत्तक घेता येणार, आणि माझ्यामागे या फळीपुढे उदबत्ती लावणारं कोणी राहणार. नाहीतर माकचं नाव फक्त वाळूतल्या मारामारीत.

म्हणून मी सातव्या मावशीला सांगून ठेवलं होतं. सातवी मावशी मेलेल्यांची लग्नं जुळवते. जिवंतांची जुळवणाऱ्या बाईपेक्षा हिचं तोंड दुप्पट चालतं, कारण नवरानवरी तक्रार करायला येत नाहीत.

एका दुपारी मी मासे उलटून वाळत घालत होते तेव्हा ती होडीत उतरली. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण तुझ्या पोराचं नशीब बघ! मुलगी मिळाली. जमिनीवरची, चांगल्या घरची!"

"जमिनीवरचे आम्हाला मुलगी देतील? मेलेलीसुद्धा?"

"तू आधी ऐकून घे ना. मुलगी बुडून गेलीय. त्यांच्या गावच्या बाईच्या अंगात येते आणि सारखं म्हणते, मी पाण्यात आहे, मला थंडी वाजते. तर पाण्यावरचाच नवरा पाहिजे असं निघालं. आणि तुमचा काय साधा होडीवाला आहे का? अधिकाऱ्याचा मुलगा आहे! मी टोपीचं सांगितलं तसा तिचा भाऊ बसल्या जागी सरळ झाला."

"वय?"

"गेली तेव्हा सतरा."

"गेली कधी?"

"झाली बावीस वर्षं."

"म्हणजे माझ्या पोराला एकोणचाळीस वर्षांची बायको आणलीस होय गं?"

"अगं, पोरं वाढतात. लग्नाच्या वयात जी जाते ती तिथंच थांबते. हा नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा," मावशी म्हणाली आणि वाळत घातलेला एक मासा उचलून तिनं वास घेतला. "ऐक. बैलाच्या वर्षातला जन्म. शरदाच्या पौर्णिमेचा दुसरा दिवस, पहाटे. गाव शा-हांग. घर लेउंगांचं. नाव चाउ-कुक. लाल झेंडेवाले आले तेव्हा अब्रू वाचवायला नदीत उडी टाकली पोरीनं. कुंडली दाखवून घेतली मी, अशी जमते की विचारू नकोस! तो भविष्यवाला म्हणाला, जणू एका घरातलीच आहेत."

मी हातातला मासा खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच पहिल्यांदा मनात आलं, आणि मला हसू येईल की काय असं वाटलं. माझ्याच मुलाला माझंच स्थळ आणलं होतं बाईनं. आणि मी अंगात येऊन बोलतही होते तिकडे. मला थंडी वाजते म्हणे! इकडे मी उन्हात घामाघूम होऊन मासे वाळवत होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, ती हळूहळू. मला सोडवायला कोणी आलं नाही, कारण मी मेले असं त्यांना वाटत होतं. बावीस वर्षं मी वेगळंच समजत होते.

"घरी कोण कोण आहे तिच्या?" मी विचारलं.

"बाप गेला. भाऊ आहे, त्याची बायको, मुलं. त्यातलं एक आजारी, ते हिच्याच भुतामुळे म्हणतात, म्हणून घाई. आणि म्हातारी आहे. तिचंच कठीण आहे बाई. जेवायला बसली की म्हणते, पोर दारात उभी आहे, तिला आधी वाढा. कुठल्या घरी दिल्याशिवाय ती दारातून हलणार नाही आणि मी मरणार नाही, असं म्हणते. भावाला वीट आलाय. इथं जमलं नाही तर कोणालाही देईल तो, भिकाऱ्याच्या भुतालासुद्धा." मावशी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "काय झालं? पांढरी पडलीस."

"ऊन लागलं."

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर पोटच्या मुलाशी आपलंच लग्न, देव कुठं फेडू देईल ते पाप! नाही म्हणावं तर आई उपाशी दाराकडे बघत बसणार. मी जिवंत आहे असं सांगावं? कोणाला सांगायचं, आणि कोण म्हणून? दरोडेखोराची बाई, पुढचा दात पडलेली, अनवाणी, होडीवाली? पण मला आईला बघायचं होतं. इतक्या वर्षांत मला काही हवं झालं नव्हतं, आणि आता हे एकदम हवं झालं.

"मावशी," मी म्हटलं, "मुलगी आ-फुकला नको. त्याच्या बापाला कर."

मावशीच्या हातातून मासा पडला. "माकला? अगं, त्याला तू आहेस की!"

"अधिकाऱ्याला दोन बायका नसतात का?"

"असतात. पण स्वतःच्या हातानं सवत कोण मागून घेतं? अशी बाई मी जन्मात पाहिली नाही."

"भांडायला कोणी नाही मला इथं. शिवाय बापाची बायको म्हणजे आ-फुकची आई झाली. पोराला जमिनीवरच्या घराण्यातली आई मिळते. त्याला मग तू दुसरी बघ, वाढणारी."

मावशीनं डोळे बारीक करून हिशेब केला. तिच्या दृष्टीनं दोन लग्नं झाली. "त्यांना तर अधिकाऱ्याचा मुलगा सोडून खुद्द अधिकारीच मिळतोय," ती म्हणाली. "पण धाकटी म्हणून. चालेल त्यांना. बाई, तू वेडी आहेस, पण मनाची मोठी आहेस."

"एकच अट. मुलीची आई स्वतः मुलीला घेऊन येऊ दे."

"आई कधी येते का वरातीबरोबर?"

"या वरातीत येऊ दे."

मूर्ती करणाऱ्या म्हाताऱ्या को-काकांकडे मी गेले. त्यांनी विचारलं, चेहरा कसा करू? मी सांगितलं, गोल, कपाळ मोठं, डावी भुवई जरा वर. ते लाकूड तासत होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक लाल झग्यातली पोरगी ठेवली, हात बाह्यांत घातलेली. भुवई त्यांनी उजवी वर केली होती.

ठरल्या दिवशी सकाळी भरतीबरोबर भाड्याची होडी आली. भाऊ पुढे उभा होता. तो आठ वर्षांचा असताना मी त्याचं नाक पुसत असे. आता पोट सुटलेलं, चांगला लांब झगा, आणि माशांच्या वासानं नाकाला रुमाल. आमच्या होडीला पाय लावायचीही त्याला शिसारी आली. "मी बाहेरच बसतो," तो मावशीला म्हणाला. "लवकर उरका. ओहोटीला निघायचंय." आणि किनाऱ्याकडे तोंड करून त्या भाड्याच्या होडीच्याच टोकाला बसला.

त्याच्यामागून आई उतरली. लहान झाली होती. पोटाशी तिनं लाल कापडात गुंडाळलेली कागदाची बाहुली धरली होती, म्हणजे मीच. मी हात पुढे केला. तिनं माझा हात धरला, पाय टाकला आणि लगेच सोडला. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलं, पण जमिनीवरची माणसं होडीवालीकडे बघतात तसं, होडीच्या वल्ह्याकडे बघावं तसं. तिला मी दिसलेच नाही. मला वाटलं होतं की तिनं बघताक्षणी मला रडू फुटेल. तसं काही झालं नाही. मी तिला चटई घातली, चहा दिला.

मावशी आत फळी लावत होती. आम्ही दोघी छपराखाली बसलो.

"तू थोरली का?" आईनं विचारलं.

"हो."

"मुलंबाळं?"

"एक होता."

"हं. सांगितलं मावशीनं." तिनं चहाचा घोट घेतला. "हे बघ थोरले, माझी पोर जराशी आळशी आहे. सकाळी हाक मारल्याशिवाय उठत नाही. पण उलट बोलणारी नाही. तिला छळू नकोस."

"नाही छळणार."

"नवरा कसा होता? मारायचा?"

"एकदा हात उगारला. मी चावले त्याला. परत नाही."

आई हसली. वरचे दात नव्हते तिला. "माझीही अशीच चावरी आहे. भावाच्या दंडावर अजून खूण आहे बघ. म्हणजे जमेल तुमचं." बाहेर भाऊ खोकला. "काम काय करायचा?"

"आधी मासे धरायचा. मग समुद्रावर होता. मग सरकारी टोपी मिळाली."

"दरोडेखोर पकडायचा म्हणे."

"हो."

"फार चांगलं. त्या मेल्यांनीच नेली असती माझी पोर. तिनं उडी मारली म्हणून वाचली."

मी म्हटलं, "तुम्ही पाहिलं का उडी मारताना?"

"लोक म्हणाले. नदीत एका मुलीचा मृतदेह मिळाला, तोंड ओळखू येत नव्हतं. मग ह्यांनी तो तिचाच म्हणून पुरला." तिनं चहाचा आणखी एक घोट घेतला. माझ्या ओठांवर आलं होतं. आई, एवढाच शब्द, बाकी काही लागलं नसतं. पण ती पुढे बोलायला लागली. "आमच्या शेजारची आ-यिंग नेली होती त्यांनी. बापानं गुरं विकून सोडवून आणली. काय उपयोग? विहिरीवर कोणी तिला दोर धरू देईना. आई तिची जेवणाची वाटी वेगळी ठेवायची. सुनेनं मुलांना तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. वर्ष झालं नाही तोवर तिनं गळफास लावून घेतला, आणि आता तिला कोणी मागणीही घालत नाही. मी बघायचे आणि माझ्या मनात यायचं, माझी परत आली असती तर मी तरी काय केलं असतं? कुठं ठेवली असती तिला? मेलेलीला निदान जागा होते."

ती वाईट बोलत नव्हती. भाजी महाग झाली असं सांगावं तसं सांगत होती. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. राग आला नाही. ती म्हणत होती ते खरंच होतं.

"तुमची जागा झाली आता," मी म्हटलं. "म्हणजे तिची."

"झाली ना?"

"रोज उदबत्ती लावीन. अमावस्या-पौर्णिमेला भात."

"गरम वाढ गं. गार भात तिला आवडत नाही."

मग विधी झाला. मावशीनं कागदाची बाहुली जाळली, तिची राख लाकडी मूर्तीच्या पायाशी लावली, आणि मूर्ती माकशेजारी बसवली. लाल कपडा टाकला. मावशीनं मूर्तीच्या वतीनं माकला चहा ठेवला, मग दुसरी वाटी माझ्यापुढे धरली. धाकटीनं थोरलीला चहा द्यायचा असतो. मी माझ्या हातचा चहा प्यायले. आई डोळे मिटून पुटपुटत होती. तिच्या गालांना जरा रंग आला होता, आणि ती मावशीला म्हणाली, "मला भूक लागल्यासारखी वाटते." मी तेव्हाच ठरवलं की इतकं पुरे आहे. आता काही बोलायचं नाही, कधीच नाही.

"रडणं राहिलं," मावशी म्हणाली.

नवरी माहेर सोडताना रडते, सुरात, नावं घेऊन. आधी जुळवणाऱ्या बाईला शिव्या, मग भावाला, मग आईला. जितक्या शिव्या तितकं शुभ. मेलेल्या नवरीचं रडणं तिची वहिनी नाहीतर चुलत बहीण रडते. भाऊ बाहेरून म्हणाला, "माझी बायको आलेली नाही. अपशकुन असतो. सोडून द्या ते."

"न रडता कशी जाईल?" आई घाबरून म्हणाली. "मुकी गेली म्हणतील तिथं. मावशी, तू रड."

"मी? मलाच तर शिव्या द्यायच्या असतात. स्वतःला काय देऊ?"

आईनं माझ्याकडे वळून हात जोडले. "थोरले, तू रडशील का तिच्या वतीनं?"

मी आ-फुक गेला तेव्हा रडले नव्हते. माक गेला तेव्हा शेजारणींनी चिमटे काढले तरी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "मला रडू येत नाही."

"नुसतं तोंडानं म्हण गं. सूर धर म्हणजे झालं."

मी सूर धरला. सुरुवातीला होडीवाल्यांचा, तोच मला सवयीचा. मावशीला शिव्या घातल्या: पाण्याला दूध म्हणून विकणारी, मेलेल्या बेडकाला नवरी मिळवून देणारी, तुझी जीभ कुजो, तुझ्या होडीला भोक पडो. मावशी खूश होऊन मान डोलवत होती. "चांगलं चाललंय," ती म्हणाली. मग भावाला: भाऊ गं माझा लांब झग्याचा, नाकाला रुमाल लावून बहिणीला पोचवतो, दाराशी कुत्रं बांधतो म्हणजे ती परत यायची नाही. बाहेर भावानं घसा खाकरला. तो ऐकत होता की नाही कोण जाणे.

मग आईची पाळी आली. आणि कसं झालं ते मला कळलं नाही. माझा सूर बदलला. तो शा-हांगचा सूर होता, आमच्या बांधावर बायका धरायच्या तो. मी ठरवून धरला नाही. गळ्यात तोच आला.

आई गं आई, मी म्हटलं, धूर दिसला तेव्हा आपण दोघी धावत होतो. टेकडीच्या वाटेवर तू माझा हात धरला होतास. मग म्हणालीस, बदकं राहिली. अंडी घालणारी बदकं, तळ्यावर राहिली. म्हणालीस, तुझे पाय तरणे आहेत, जा, हाकून आण, मी इथं झाडाखाली उभी राहते. मी गेले गं आई. बदकं काही येईनात, मी काठी घेऊन तळ्यात उतरले. माझ्या घोट्याशी चिखल होता तेव्हा त्यांनी मला मागून धरलं. आई, तू झाडाखाली किती वेळ उभी राहिलीस? बदकांपायी दिलंस गं मला, बदकांपायी.

हे मी जगात कोणाला सांगितलं नव्हतं. तिनंही सांगितलं नसणार. माझ्या तोंडावरून गरम काहीतरी वाहत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मुंग्या उतरताना पाय दुखतो तसं सगळं अंग दुखायला लागलं. मी थांबले.

आईनं डोळे उघडले होते. ती माझ्याकडे बघत होती. आधी कपाळाकडे, मग भुवईकडे, मग दात पडलेल्या जागेकडे. तिच्या हातातली वाटी कलंडली आणि चहा चटईवर सांडला, तो तिनं पुसला नाही.

"झालं का?" भाऊ बाहेरून ओरडला. "पाणी उतरायला लागलंय!"

आईनं बाहेर भावाच्या दिशेनं हात उचलला, थांब म्हणून. मग तिनं हात खाली आणला आणि माझं पाऊल धरलं, अनवाणी, भेगा पडलेलं, आणि घट्ट धरून ठेवलं. नवरीच्या रडण्याला आईनं उत्तर द्यायचं असतं, आशीर्वाद द्यायचा असतो, पाठवणी करायची असते. तिनं आमच्या गावच्या सुरातच सुरुवात केली, बारीक आवाजात, भावाला ऐकू जाईल न जाईल अशा.

जा गं बाई, ती म्हणाली, दिल्या घरी जा, गरम भात खा. मी अंधार पडेपर्यंत झाडाखाली उभी होते. मीच पाठवलं, मीच, तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नाही. बदकं आपली आपण आली गं. रात्र व्हायच्या आत सगळी आली, ओळीनं आली. तू तेवढी आली नाहीस.